साहेबांनी मागून टोकलं

साहेब, तुम्ही खोटं बोललात. शेलार गावच्या मनालीला इंग्रजी कळत नाही असं सांगून गोडाऊनमधली सुपरवायझरची नोकरी तुम्ही तिच्या हातातून काढून घेतलीत. तिला कळतं. मीच शिकवलंय. तुम्हाला काय कळलं नाही, ते आता ऐका.

माझं घर नारपोलीत. खाली कापडाचे लूम, वर माझा क्लास. शिकवायचं तर लूमच्या खडखडाटावर आवाज चढवून. त्यामुळे माझ्या पोरींचं इंग्रजी जरा मोठ्यानं येतं, तेवढं मान्य.

कुणी 'का' विचारलं की 'टू' लावायचा आणि पुढं क्रियापद, हे मी मनालीला घोटून घेतलं. आय वेंट टू द नाका टू बाय फिश. नाक्यावर का गेले, तर मासळी घ्यायला. घ्यायला, बघायला, भांडायला. आपलं 'ला' मागं चिकटतं, त्यांचा 'टू' पुढं उभा राहतो. त्यात काय एवढं.

पण मनाली 'का'लाच घाबरायची. तिच्या घरात निघालेल्या माणसाला कुठं, कशाला असं विचारतच नाहीत. विचारलं की काम फिसकटलं, असं तिची सासू पुतळाबाई मानते. कुणी चुकून टोकलंच, तर मागं फिरायचं, बसायचं, पाणी प्यायचं आणि मग नव्यानं निघायचं.

"नूरीताई, व्हाय विचारा, पण मी बसलेली असताना," मनाली म्हणायची.

"इंग्रजीत टोकलेलं लागत नाही गं."

"तुम्हाला काय माहीत? इंग्रजांचं इथलं काम फिसकटलंच की."

मग मी तिला बसवूनच व्हाय विचारायला लागले.

मुलाखतीला मी सोबत आले होते. बाहेर बाकड्यावर बसले होते, दार उघडं होतं, सगळं ऐकलं. तुम्ही खुर्चीत बसवून जे जे विचारलंत, त्याची तिनं धडाधड उत्तरं दिली. तुम्ही खूश झालात. म्हणालात, आता गेट चारवर जा, तिथलं काम बघून ये. ती उठली. उंबऱ्याशी पोचली, आणि तुम्हाला तिची आणखी परीक्षा घ्यायची हुक्की आली. मागून विचारलंत, "व्हाय आर यू गोइंग टू गेट फोर?"

मनाली जागीच थांबली. मागं फिरली, खुर्चीत बसली, टेबलावर ग्लास होता तो प्यायली. ग्लास तुमचा होता, पण दुसरा होता कुठं? मग उठून निघाली. तुम्हाला वाटलं, हिला ऐकूच आलं नाही. पुन्हा तेच विचारलंत, जरा ओरडून. ती पुन्हा येऊन बसली. ग्लास रिकामा. तिनं तो शिपायापुढं धरला. "भाऊ, भरा जरा."

"व्हॉट आर यू डुइंग?" तुम्ही म्हणालात.

मनाली बसलेली होती, त्यामुळे आता बोलायला हरकत नव्हती. माझ्या क्लासच्या आवाजात बोलली. "आय सॅट डाउन टू सेव्ह माय जॉब." नोकरी वाचवायला बसले. एक अक्षर चुकलं नाही. बाहेर माझी छाती फुगली.

तुम्ही मात्र हसलात. हसून झाल्यावर शिपायाला म्हणालात, "इसको इंग्लिश समझता नहीं. दुसरी को भेजो."

परतीच्या रिक्षात मनालीनं विचारलं, "ताई, वाक्य बरोबर होतं ना?"

"एकदम."

"मग टोकलेलं लागलंच की."

घरी पुतळाबाईनं सगळं ऐकून घेतलं. "साहेब हाय, आन् जानाऱ्या बाईला मागून इचारतो? त्याला घरात कोनी वलन लावला न्हाय का?"

तर साहेब, आता मी विचारते. तुम्ही खुर्चीत बसलेलेच असाल, तेव्हा टोकायचा प्रश्न नाही. गेट चारवर जा, हे तुम्हीच सांगितलंत. कशाला जायचं, हे तुम्हाला ठाऊक होतं. मनाली माझ्या शेजारी तुमचं उत्तर ऐकायला बसली आहे. इंग्रजीत द्या, 'टू' लावून द्या, पण द्या. व्हाय डिड यू सेंड हर बॅक?