उष्टा वारा

"छोटे, तुझं सात नंबर परत बंद पडलंय."

छोटी तेव्हा सात नंबरच्याच माथ्यावर होती. पवनचक्कीच्या खांबावर, पात्यांच्या मागे, यंत्रांची एक अरुंद खोली असते. तिथे ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. हात कोपरापर्यंत तेलाने माखले होते आणि फोन खांद्याने कसाबसा कानाशी दाबून धरला होता.

"बंद पडलं नाही, बाबा. मी बंद केलंय. तेल बदलतेय."

"म्हणजे बिघडलंय."

"बिघडू नये म्हणून बदलतात!"

"काल चालू होतं, पण रखडत होतं. मी गॅलरीतून बघतो ना."

बाबा घड्याळजी होते. उभं आयुष्य एका डोळ्याला भिंग लावून गेलं होतं आणि त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या, चालू आणि बिघडलेल्या. दुकान बंद केल्यापासून त्यांनी गॅलरीत खुर्ची टाकली होती. समोरच्या टेकडीवर सात पवनचक्क्या एका रांगेत उभ्या होत्या. त्यांतली शेवटची, सातवी, लेकीच्या देखभालीखाली. बाबा दिवसभर तिच्यावर डोळा ठेवून असत.

"यांना कोणीतरी एखादं मोडकं घड्याळ आणून द्या रे," आई म्हणायची, "म्हणजे मला दुपारी डोळा लागेल."

त्या संध्याकाळी साहेबांनी छोटीला केबिनमध्ये बोलावलं.

"पथकप्रमुखाच्या जागेसाठी तुझंच नाव होतं," ते म्हणाले. "होतं म्हणतोय मी. सात नंबरवर एक तक्रार उघडी आहे. एक गृहस्थ सारखे फोन करतात. आपल्या तक्रार विभागातली मुलगी त्यांना समजावते आणि शेवटी विचारते, समाधान झालं का? ते म्हणतात, नाही. तक्रार मिटल्याशिवाय मला तुझं नाव वर पाठवता येत नाही. सोमवारच्या आत काय ते कर."

"पण त्यांचं म्हणणं काय आहे?"

साहेबांनी चष्मा लावून वाचलं. "बाकी सहा जणींचे काटे पळतात, सातवीचे तिन्ही काटे रखडतात."

छोटीने कपाळावर हात मारला. तो हेल्मेटवर बसला. पात्यांना काटे म्हणणारा माणूस या जगात एकच होता.

घरात पाऊल टाकल्या टाकल्या ती कडाडली. "बाबा! तुम्ही माझी तक्रार केलीत?"

"तुझी कशाला करीन? तुझ्यासाठी केली," बाबा शांतपणे म्हणाले. "सगळ्यांत रद्दी यंत्र तुझ्या गळ्यात मारलंय आणि तू तोंडातून अवाक्षर काढत नाहीस. म्हटलं, आपण बोलावं."

"अहो, पोरीच्या बढतीवर पाणी ओतलंत!" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

"आता फोन करा आणि सांगा, समाधान झालं," छोटी म्हणाली.

"झालेलं नाही. खोटं बोलू?"

छोटीने डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. "विचारा. काय विचारायचंय ते एकदाचं विचारा."

"मुळापासून सांग."

"वारा पात्यांना ढकलतो. पाती फिरली की त्यांचा जाड दांडा फिरतो, पण सावकाश. त्याला दातेरी चक्रं जोडलेली असतात. मोठं चक्र एकदा फिरेपर्यंत छोट्याचे कितीतरी फेरे होतात. त्या वेगाने वीज बनवणारं यंत्र फिरतं."

"चक्रं मला शिकवू नकोस. म्हणजे स्प्रिंगच्या जागी वारा, एवढंच ना?"

"एवढंच. आणि घड्याळाची चावी संपली की?"

"थांबतं."

"बिघडतं का?"

बाबांनी नाइलाजाने नकारार्थी मान हलवली.

"तसाच वारा पडला की चक्की थांबते. आणि चावी नको तितकी पिळली तर?"

"स्प्रिंग तुटते."

"म्हणून वादळात आम्ही पात्यांची धार वाऱ्याकडे वळवतो. मग वारा नुसता कापला जातो, ढकलत नाही. चक्की थांबते, पण शाबूत राहते."

"हे पटलं," बाबा म्हणाले. छोटीचा चेहरा उजळला. "पण हे सातही जणींना लागू आहे. मग रखडायचा रोग सातवीलाच का?"

छोटी उठली. तिने बुटांचं रिकामं खोकं फाडलं, टाचण्या शोधल्या आणि दोन भिरभिरी केली. टेबलफॅन लावला. एक भिरभिरं बाबांच्या हातात दिलं, दुसरं त्याच्या मागे आईला धरायला लावलं. पुढचं गरगरू लागलं. मागचं कसंबसं कण्हत फिरत होतं.

"माझं काय चुकलं?" आई म्हणाली.

"काही नाही. पुढच्याने वारा खाल्ला. ढकलता ढकलता वाऱ्याचा जोर पात्यांत जातो. मागे येतो तो दमलेला, घुसळलेला वारा."

बाबांनी भिरभिरं खाली केलं. आवाज एकदम कडक झाला. "म्हणजे माझ्या मुलीला उष्टा वारा?"

आई हसून हसून खुर्चीत बसली. छोटीने दोन्ही हातांनी केस धरले.

"सहा नंबर कोणाकडे आहे?" बाबांनी विचारलं. "नाव सांग त्याचं."

"बाबा! कोणी मुद्दाम करत नाही! वारा बहुतेक वेळा टेकडीच्या समोरून येतो, तेव्हा सगळ्यांना ताजा मिळतो. कधी कधी रांगेच्या अंगाने, एक नंबरकडून येतो. मग शेवटच्याला सगळ्यांनी खाऊन उरलेला."

"चक्क्या लांब लांब लावाव्यात."

"लावल्यात! मधल्या अंतरात वारा सावरतो, पण पुरता नाही. टेकडी काय रबराची आहे, ताणायला?"

बाबा विचारात पडले. मग त्यांनी टेबलफॅन उचलला, वायर ओढत आईच्या मागे नेऊन ठेवला. आता आईचं भिरभिरं सुसाट सुटलं आणि त्यांचं स्वतःचं कण्हू लागलं. ते बराच वेळ आलटून पालटून दोन्हींकडे बघत राहिले.

मग त्यांनी फोन लावला.

"तुमच्या तक्रारीचं समाधान झालं का, आजोबा?" पलीकडची मुलगी म्हणाली.

"अर्धं."

छोटीने भिंतीवर डोकं टेकलं.

"अर्ध्याला बटण नाही हो माझ्याकडे. हो किंवा नाही."

बाबांनी लेकीकडे पाहिलं. तेल अजून तिच्या कोपराला होतं.

"हो दाब," ते म्हणाले. "यंत्राबद्दल झालं. वाऱ्याचं मी बघतो."

सोमवारी नाव वर गेलं आणि महिनाअखेरीस मंजूरही झालं. सातही चक्क्या आता छोटीच्या हाताखाली आल्या. काही दिवसांनी ती तीन नंबरच्या माथ्यावर असताना फोन वाजला.

"छोटे, आज वारा उलटा फिरलाय. सहा नंबर रखडतंय. तुझं उष्टं खातंय!"

"बरं बाबा. ठेवू?"

"मी तक्रार केली."

"का?" ती किंचाळली. "कारण माहीत आहे ना तुम्हाला!"

"मला आहे. त्या मुलीला माहीत आहे का, ते बघत होतो. नव्हतं. मग स्प्रिंगपासून भिरभिऱ्यापर्यंत सगळं समजावलं तिला. शेवटी विचारलं, समाधान झालं का? म्हणाली, अर्धं."

"मग?"

"मग काय, तक्रार उघडी ठेवलीय. अर्ध्याला बटण नाही ना."

छोटीने कपाळावर हात मारला. तो हेल्मेटवर बसला.