आधी शेपटाला पाणी

पिंपळीला कालव्याचं पाणी आणणाऱ्या चारीचं जुनं दुखणं एकच. वरची रानं पोटभर प्यायची आणि चारीच्या टोकाला, शेपटाकडच्यांनी नुसता ओलावा चाटायचा. यंदा गावानं मिळून तोडगा काढला. पाणी संस्था केली, श्रमदानानं चारीतला गाळ उपसला आणि देवळात बेलभंडारा उचलून शपथ घेतली: आधी शेपटाला पाणी, मग वर. गाळ उपसायला शेपटाचीच माणसं जास्त. वरच्या मोहनरावांनी चहा पाजला आणि फोटोत मधोमध उभे राहिले.

त्या शपथेच्या भरवशावर शेपटाच्या साखरबाईनं टोमॅटोची रोपं लावून टाकली. संस्थेवर शेपटातर्फे कोण, म्हटल्यावर लोक तिचंच नाव घेत होते. ती म्हणाली, "मला बैठकीला कुठं येळ? आमचा दत्तोबा हाय की!" दत्तोबा तिचा धाकटा दीर, बांधाला बांध. त्याची तहान तीच आपली, असा बाईचा हिशेब. हिशेब बरोबर होता, तहान होती तोवर.

पाणी सुटायच्या तोंडावर बैठक बसली. मोहनराव म्हणाले, "कालव्याला पाणी कमी हाय. खाली न्यायचं म्हंजी वाटंतच जिरायचं. ह्या खेपंला वरनं घिऊ." सगळ्यांनी दत्तोबाकडं बघितलं. दत्तोबानं होकाराचा हात वर केला.

हे कळताच साखरबाई तरातरा त्याच्या रानात गेली. मोहनरावांच्या विहिरीवरून आलेला नवाकोरा पाइप त्याच्या उसात पाणी ओतत होता.

"भंडारा उचलला व्हतास ना रं?"

"वहिनी, सगळ्यांचं बघत बसलो तर आपलं जळायचं."

"आन माझं?"

"तुमी काय परक्या? पाइप फिरवतो तुमच्यात. फकस्त बोंब मारू नगा."

शिव्या अगदी ओठावर होत्या. पण बांधापलीकडं रोपांनी माना टाकलेल्या दिसत होत्या.

"फिरव," ती म्हणाली.

पाणी सरीत शिरलं, तेव्हा शेजारची धोंडाबाई बांधावर येऊन उभी होती. गाळ उपसताना दोघींनी एकच पाटी धरली होती. धोंडाबाईच्या वांग्यांना अजून थेंब नव्हता.

"साखरे, मोहनरावाला जाब इचारायला समद्यांनी जायाचं म्हणालीस. बाया गोळा झाल्यात. चल."

साखरबाई सरीतलं पाणी वळवत राहिली. "तुमी व्हा म्होरं. माझं पाय लई दुखत्यात गं."

"व्हय," धोंडाबाई म्हणाली. "पाण्यात हुबं राहिल्यावर दुखायचंच."