उरलंसुरलं

बिडकीनची जमीन कंपन्यांच्या पट्ट्यात गेली, तसे तात्यासाहेब पडेगावला राहायला आले. मोबदल्याच्या पैशातून दुमजली घर झालं, दारात गाडी आली. जन्मभर वखरामागं चाललेला माणूस, पण आता कोपऱ्यावरच्या हॉटेलापर्यंतसुद्धा गाडी काढू लागला. तिथं चहावर चहा, भजी, वरून बाटलीतलं थंड. मग एक दिवस तोंडाला कोरड पडली, डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि शहरातल्या डॉक्टरनं शुगर निघाल्याचं सांगितलं. गोड सोडा आणि रोज चाला, नाहीतर पाय गमवाल, असं बजावलं.

तात्यांनी ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडलं असतं. पण सोबत वच्छलाबाई होत्या. त्यांनी नवऱ्याच्या जिवाची गोष्ट पदराला गाठ मारून घरी आणली.

दुसऱ्या दिवसापासून ज्वारीची भाकरी, मेथी, मटकीची उसळ सुरू झाली. भात नावाला. चहा बिनसाखरेचा. पहिलाच घोट घेऊन तात्यांनी कप आदळला.

"हे काय काळं पाणी दिलं? मला मारायचं का जगवायचं?"

"जगवायचं म्हणूनच दिलं. प्या गुमान, आन् उठा. चालायला जायचंय."

एकटे गेले तर हॉटेलात वळतील, म्हणून त्या रोज सोबत निघायच्या. दौलताबादच्या रस्त्यानं दोघं सकाळी चालत. पहिले काही महिने तात्यांना धाप लागायची आणि वच्छलाबाई पुढं जाऊन थांबायच्या. मग तात्यांचं पोट उतरलं, पाय हलके झाले. डॉक्टरनं कौतुक केलं, तेव्हा तात्या मिशीतल्या मिशीत हसले.

तात्यांच्या ताटातून जे कमी झालं, ते कुठं जात होतं हे मात्र कुणी पाहिलं नाही. पाहुण्यांसाठी केलेला शिरा, सणाची पुरणपोळी, पातेल्यात राहिलेला भात, सगळं शेवटी वच्छलाबाईंच्या ताटात यायचं. तेही सगळ्यांची जेवणं उरकल्यावर, चुलीपाशी बसून. सून आशा म्हणायची, "आत्या, ऱ्हाऊ द्या ना ते." त्या म्हणायच्या, "अन्नाला नाय म्हणू नये बाई."

हळूहळू त्या चालताना मागं पडू लागल्या. पायाला मुंग्या येतात म्हणायच्या. एका सकाळी तात्यांनी मागं वळून पाहिलं, तर वच्छलाबाई एका पायात चप्पल घालून तशाच चालत येत होत्या.

"अगं, चप्पल कुठं सोडली?"

त्यांनी खाली पाहिलं. चप्पल पार मागं वळणावर पडली होती. "कवा निसटली, कळलंच नाय की!" त्या म्हणाल्या, आणि दोघं रस्त्यात उभे राहून खूप हसले.

दसऱ्याच्या सुमारास वच्छलाबाईंच्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली. आशानं पाहिली आणि दवाखान्यात चला म्हणाली. "दुखत तर नाय. हळद भरते," म्हणून त्यांनी विषय मिटवला. मग ताप भरला. मुलानं, बद्रीनाथनं, त्यांना गाडीत घातलं, तेव्हा त्या बरळत होत्या आणि पाय काळानिळा पडला होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं विचारलं, "शुगर कधीपासून आहे?"

तात्या म्हणाले, "मला व्हय? झाली की चार वर्षं."

"तुमची नाही. यांची विचारतोय."

तात्यांनी बद्रीनाथकडं पाहिलं. चार वर्षं दर महिन्याला वच्छलाबाई त्यांच्यासोबत डॉक्टरच्या दारात बसल्या होत्या. त्यांचं बोट एकदाही कुणी तपासायला पुढं केलं नव्हतं.

गुडघ्याखाली पाय काढला, तरी विष अंगात भिनलंच होतं. शुद्ध आली तेव्हा त्यांनी तात्यांना जवळ बोलावलं.

"आज फिरून आलात का?"

"तुला असं टाकून कुठं फिरू? वच्छला, तुला तपासावं हे मला कसं सुचलं नाय गं?"

"मला तरी कुठं सुचलं," त्या म्हणाल्या. "तुमी मोडू नका चालणं."

दोन दिवसांनी त्या गेल्या.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. तात्यांनी घराबाहेर पाऊल टाकणंच सोडलं. एका दुपारी पाणी घ्यायला ते स्वयंपाकघरात गेले. आशा खाली बसली होती आणि कढईतला उरलेला गुळाचा सांजा खरवडून आपल्या ताटात घेत होती. तात्या दारातच थबकले.

"आशा, उद्या दवाखान्यात जायचंय."

"काय होतंय मामा तुमाला?"

"मला नाय. तुला दाखवायचंय."

आशाची शुगर काठावर निघाली. डॉक्टर म्हणाला, वेळेत आलात, खाणं आणि चालणं सांभाळलं तर निभावेल. आशा घाबरून रडायला लागली. तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

घरी आल्यावर त्यांनी बद्रीनाथला हाक मारली आणि सगळ्यांची ताटं एकदम मांडायला लावली. आशा संकोचून उभीच राहिली.

"बस पोरी. आजपास्नं मागून कुणी जेवायचं नाय."

तात्यांनी टोपल्यातली गरम भाकरी उचलून आपल्या हातानं तिच्या ताटात ठेवली, वर मेथी वाढली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी वच्छलाबाईंना एकदाही असं वाढलं नव्हतं. त्यांना घास काही उचलवेना. पण आशा आपल्याकडं पाहतेय, आपण जेवल्याशिवाय ती जेवायची नाही, हे कळल्यावर त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.