अंगठ्याखालचा शब्द

मी एक जुना, पोलादी तारांचा ब्रश आहे. दिसायला नखाएवढा, पण रोटरी टूल नावाच्या हातात धरायच्या फिरत्या यंत्राच्या तोंडात बसलो की मिनिटाला पंधरा हजार फेरे घेतो. त्याहून जोरात फिरवले तर माझ्या तारा सुटून उडतात. म्हणून दुरुस्तीच्या दुकानातल्या ताई डोळ्यांवर चष्मा चढवल्याशिवाय मला हात लावत नाहीत.

मित्रांनो, आमच्या डबीत कापायची चकती, घासायचा दगड आणि चकाकी आणणारे, दाबलेल्या लोकरीचे म्हणजे नमद्याचे मऊ चाकही राहते. कोणालाही निवडले तरी ताईंचा नियम एकच: आधी भंगाराच्या तुकड्यावर, मग कामावर. गंजलेल्या कड्या, बिजागऱ्या मी लख्ख करी. "हा पठ्ठ्या गंजाचा काळ आहे," असे ताई म्हणत आणि मी फुगून जाई.

एकदा एक आजोबा गजराचे पितळी घड्याळ घेऊन आले. पुढून चकचकीत करा, पाठीला हात लावू नका, असे त्यांनी दोनदा बजावले. ताई प्रत्येक वस्तूला सूचनेची चिठ्ठी बांधत. त्या दिवशी नेमका फोन वाजला आणि चिठ्ठी राहिली ती राहिलीच.

आठवड्याने घड्याळाच्या पाठीवरचा काळा थर ताईंना खुपला. नमद्याचे चाक झिजले होते. आजोबांची यायची वेळ झाली होती. ताईंनी मलाच बसवले, भंगारावर न फिरवताच.

पोलाद पितळेहून कठीण, हे मला ठाऊक होते. चावीशेजारी मला एक खाच लागली, मग दुसरी. मला वाटले, ओरखडे असतील. मी ते मन लावून पुसले.

आजोबांनी घड्याळ उलटे केले आणि चावीशेजारी अंगठा फिरवत राहिले. तिथे त्यांच्या दिवंगत पत्नीने सुईने एकच शब्द कोरला होता: 'उठा'.

"गेलं का हो ते?"

"गेलं, आजोबा. तुम्ही सांगितलं होतं. मीच विसरले." झिजलेल्या चाकाचे नाव ताईंनी काढले नाही.

"तिचं अक्षर तसं गचाळच होतं," आजोबा म्हणाले. "पण रोज चावी देताना अंगठ्याला लागायचं."

त्यांनी चावी दिली. अंगठा सवयीने त्याच जागी थांबला. मग ते घड्याळ घेऊन निघून गेले.

आता ताई आधी चिठ्ठी बांधतात, मगच फोन घेतात. मला फक्त लोखंड देतात. मला कोणी बोल लावला नाही, तेच सलते. मित्रांनो, अवजार निवडताना काय काढायचे एवढेच पाहू नका. काय राहू द्यायचे तेही विचारा. मळ कोणता आणि अक्षर कोणते, हे माझ्या तारांना कळत नाही. ते तुम्हालाच कळायला हवे.