दोन फळ्यांचं दार

दिपमालाचं पत्र दिवाळीत आलं होतं. चैत्र लागला तरी पितांबर सरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. उत्तर द्यायचं नव्हतं असं नाही. सकाळचा चहा झाला की ते कागद पुढे ओढत, 'चि. दिपमाला हिस अनेक आशीर्वाद' एवढं लिहीत आणि पेनाला टोपण लावून टाकत. आशीर्वादांचे असे पुष्कळ कागद टेबलावर साठले होते. त्यांच्या पाठकोऱ्या बाजूंवर सरांच्या पत्नी मंदाबाई किराण्याची यादी करत.

सरांनी धुळ्याच्या कॉलेजात जन्मभर भूशास्त्र शिकवलं आणि निवृत्त झाल्यावर जळगावात येऊन राहिले. दिपमाला त्यांची विद्यार्थिनी. आता ती उत्तरेकडच्या एका संशोधन संस्थेत मोठ्या पदावर होती. कच्छच्या सहलीत गोळा केलेल्या शेल नावाच्या काळ्या खडकातला एक सूक्ष्म जीवाश्म सरांनी एकदा वर्गाला दाखवला होता. तसाच तिला आता एका बोअरच्या मातीत सापडला. जगात कुणीच त्याचं वर्णन केलेलं नव्हतं. प्रजाती नवी होती.

'माझ्याकडचे नमुने चेपलेले आहेत,' तिनं लिहिलं होतं. 'अखंड असा एकच, तो तुमच्या स्लाइडवर. तो पाठवा. आणि एक ठरवा. आपल्यात कुणी आपलंच नाव आपण शोधलेल्या प्रजातीला देत नाही. तुम्ही वर्णन लिहायला माझ्यासोबत आलात, तर तुमचं नाव तिला देता येणार नाही. मला तर तुमचंच नाव द्यायचं आहे. वर्णन मी एकटी लिहीन. मसुदा सोबत जोडला आहे.'

मसुदा वाचून सरांची झोप उडाली ती या नावामुळे नव्हे. म्हणजे नावानंही उडालीच होती. वर्गात हजेरी घेतानासुद्धा खाली मान घालणारा हा माणूस. पण खरी गोची होती दाराची.

हा डायनोफ्लॅजेलेट म्हणजे समुद्रात तरंगणारा एकाच पेशीचा जीव. वाईट दिवस आले की तो भोवती टणक कवच करून आत झोपी जातो. दिवस पालटले की कवचाला दार पाडून निघून जातो. मागे रिकामं घर तेवढं राहतं, आणि तेच कोट्यवधी वर्षं खडकात टिकतं. दार प्रत्येक कुळाचं वेगळं. कुणी कवचाची एकच फळी उचकटून बाहेर पडतो, कुणी दोन. कुळ ठरतं ते या दारावरून. दिपमालानं लिहिलं होतं, एक फळी. सरांच्या मनात होत्या दोन. त्यांच्या नमुन्यात दाराच्या वरच्या कडेला मधोमध एक बारीक टोक होतं. दोन फळ्या जिथे भेटतात तिथे असावं तसं. पण ती नुसती फाटलेली कडही असू शकत होती. आणि दिपमालासारख्या संशोधिकेला 'तुझं चुकतंय' म्हणायचं, ते कोणी? मोडीत निघालेला सूक्ष्मदर्शक कॉलेजकडून विकत घेतलेल्या म्हाताऱ्यानं?

चैत्रातल्या एका सकाळी दिपमालाचा फोन मंदाबाईंच्या मोबाइलवर आला, कारण सरांचा नेहमी बंद असे.

"काकू, महिनाअखेर लेख छापायला पाठवतेय. सरांचं उत्तर नाही, म्हणजे मी होकारच समजते हं."

मंदाबाईंनी निरोप जसाच्या तसा सांगितला आणि वर आपल्या माहेरच्या अहिराणीत भर घातली. "आते तरी लिखा! ती पोर तुमनं नाव लावी ऱ्हायनी, नि तुमी तोंड लपाडी ऱ्हायनात."

"चुकीच्या दारावर नाव लावतेय ती."

"मंग सांगा तिले, चूक शे म्हणीसन."

"आणि मीच चुकत असलो तर?"

"मंग तेबी सांगा. काबरं घाबरतस इतलं?"

सरांना एक गोष्ट लख्ख कळली. आता गप्प बसणंही उत्तरच होतं, आणि ते चुकीचं छापलं जाणार होतं, त्यांच्याच नावानं.

खात्री करून घ्यायचा मार्ग एकच होता. कवच उलटं करून आतली बाजू बघायची. नमुना ग्लिसरीन जेलीत बसवलेला होता. जेली उबेनं मऊ होते. मग वरची पातळ काच सुईनं हळूच दाबली की आतला दाणा लोळतो. कधी हवा तसा लोळतो, कधी फुटतो, कधी कडेनं वाहून जातो. आणि असा दाणा जगात एकच होता.

काच पक्की बसावी म्हणून कडेला लावलेलं नेलपॉलिश सरांनी ब्लेडनं खरवडलं आणि स्लाइड घेऊन गच्चीवर गेले. जळगावच्या उन्हाला तेवढं काम सहज जमणार होतं. गच्चीवर मंदाबाईंचे ज्वारीचे पापड, म्हणजे बिबड्या, वाळत पडल्या होत्या. त्यांच्या शेजारीच सरांनी स्लाइड ठेवली, आणि दोघंही छत्री घेऊन राखणीला बसली. एक बिबड्यांच्या, एक समुद्राच्या.

"कावळा तुमनी काच लयी गया तं?"

"गप्प बस ना जरा!"

जेली मऊ झाल्यावर सर स्लाइड आडवी धरून जिना उतरले. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मनगट टेबलाला टेकवलं. सुईचं टोक काचेला लावलं, जरासं दाबलं. दाणा हलला नाही. पुन्हा दाबलं. दाणा डुगडुगला, सरकला, नजरेआड झाला. सरांनी सुई जागच्या जागी रोखली. मग तो पुन्हा समोर आला, पोट वर करून.

आत इतकी वर्षं एक काळसर डाग दिसे. सरांनी त्याला मळ समजून वहीत 'मळ' असंच लिहून ठेवलं होतं. तो मळ नव्हता. ते दार होतं. पडताना बाहेर न पडता घरातच पडलेलं. आणि ते दोन तुकड्यांत होतं. दोन्ही तुकड्यांच्या कडा सुतासारख्या सरळ.

"अगं, ये इकडे! बघ, बघ!"

मंदाबाईंनी भिंगाला डोळा लावला. बराच वेळ बघितलं.

"माले तं मना डोयान्याच पापण्या दिखी ऱ्हायन्यात," त्या म्हणाल्या.

सर मोठ्यानं हसले. असं हसताना शेजारच्यांनी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. पलीकडच्या घरातल्या इंदिराबाई दाराशी येऊन विचारून गेल्या, सगळं बरं आहे ना.

फोटो मात्र धुळ्यालाच काढता येणार होते. तिथे त्यांच्या जुन्या विभागात त्यांचीच एक विद्यार्थिनी, कामिनी, शिकवत होती आणि नवा, कॅमेऱ्याचा सूक्ष्मदर्शक होता. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं दोघं निघाली. धुळं म्हणजे मंदाबाईंचं माहेर, त्यामुळे सरांच्या आधी त्याच तयार होत्या. जेली उन्हानं पुन्हा पातळ होऊ नये म्हणून स्लाइड डब्यात, डबा ओल्या फडक्यात, आणि तो सपाट राहावा म्हणून सर दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसले. पारोळ्याच्या अलीकडे खड्डा आला, तेव्हा सगळी बस उडाली पण डबा हलला नाही.

"बाबा, काय आहे त्यात एवढं?" कंडक्टरनं विचारलं.

सर लाजले. "जीवाश्म आहे. पाच कोटी वर्षांचा."

"मग त्याला तिकीट नाही," कंडक्टर म्हणाला. "पंच्याहत्तरच्या वर फुकट. तुमचं मात्र अर्धं काढा."

मागच्या बाकापर्यंत हशा पिकला. सर कान लाल करून डब्याकडे बघत राहिले, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतंच.

धुळ्यात कामिनीनं फोटो काढून मोठ्या पडद्यावर लावले. दोन फळ्या हाताएवढ्या दिसू लागल्या.

"सर, दोनच आहेत!"

तेवढ्यात सरांना जुना आजार जडला. "थांब. काल मी दाबलं, तेव्हाच एकीच्या दोन झाल्या असतील तर?"

"सर!"

"नाही, पण झाल्या असतील तर?"

कामिनीनं कपाळाला हात लावला. मग सरांनाच सुचलं. त्यांनी पिशवीतून मसुदा काढला. दिपमालाच्या चेपलेल्या नमुन्यांचे फोटो शेवटच्या पानांवर होते. त्यांतल्या दारांची वरची कड भिंगाखाली धरून ते एकेक बघत गेले. प्रत्येक दाराच्या कडेला मधोमध तेच बारीक टोक होतं. त्यांना तर कुणी सुई लावली नव्हती. आणि फाटलेलं काही सगळीकडे एकाच जागी फाटत नाही.

सरांनी भिंग खाली ठेवलं. "दोन," ते म्हणाले. स्वतःशीच म्हणाले, पण स्पष्ट म्हणाले.

"फोटो आत्ता पाठवते दिपमालाला. तुमचा निरोपही व्हॉट्सअ‍ॅप करू?"

"फोटो पाठव. उत्तर मी लिहितो. पत्राला पत्रच."

आणि 'अनेक आशीर्वाद'च्या खाली पेन यावेळी थांबलं नाही.

'दार दोन फळ्यांचं आहे. पुरावा पाठवत आहे. कुळ बदलावं लागेल. त्या भागाचं वर्णन मी लिहितो. म्हणजे लेखक दोघं, आणि माझं नाव प्रजातीला नको. खरं सांगायचं तर मला लाज वाटली असती, पण कारण ते नाही. नाव मिळण्यापेक्षा वर्णन लिहिण्यात मला जास्त आनंद आहे, हे मला कालच कळलं. नावासाठी लॅटिनमधला "जेमिनाटा" हा शब्द सुचवतो. अर्थ, जोडीनं असलेली. न आवडल्यास मोकळेपणी सांगावं.'

"कोणी जोडी?" मंदाबाईंनी खांद्यावरून वाकून विचारलं.

"फळ्यांची," सर घाईनं म्हणाले. कामिनी खिडकीकडे तोंड करून हसली.

तिनं काचेच्या कडेला पुन्हा नेलपॉलिश लावलं आणि स्लाइड कापसात गुंडाळून लाकडी डबीत बसवली. पोस्टात गर्दी होती. रांगेत सरांनी पाकीट दोनदा परत उघडायला घेतलं. दोन्ही वेळा मंदाबाईंनी त्यांचा हात धरला. नंबर आला तेव्हा सर पुढे वाकून म्हणाले, "साहेब, आत काच आहे. जरा जपून."

कारकुनानं वजन केलं, बारकोडची पट्टी हलक्या हातानं चिकटवली आणि पाकीट मागच्या ट्रेमध्ये ठेवलं.

"गेलं समजा, बाबा," तो म्हणाला.