नळातून चढणारं दुःख

"पाणी खराब नाही, जड आहे," मुलांच्या डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या होत्या. "त्यात क्षार जास्त आहेत. साबण अंगावरून नीट निघत नाही, म्हणून तुमच्या मुलीला पुरळ येतं. मलम लावा, बरं होईल. पण अशा वसाहतींत पाण्याची भीती विकायला माणसं येतात. दार कुणाला उघडताय ते बघा."

तिने मान डोलावली, मलमाची चिठ्ठी घेतली आणि ते शेवटचं वाक्य दवाखान्याच्या पायरीवरच सोडून दिलं. डॉक्टरांना बोलायची हौस असते, दुसरं काय.

शहराच्या कडेची ती नवी वसाहत. पाणी मुबलक, पण त्या पाण्याने सगळ्यांच्या नाकीनऊ आणले होते. नळाच्या तोंडाशी पांढरी, खरखरीत दाढी वाढायची. किटलीच्या तळाशी खपल्या धरायच्या. साबणाला फेस येईना, आणि वाळलेले टॉवेल पत्र्यासारखे ताठ उभे राहत. आधी लोक यावर हसत. मग घरोघरी मुलांच्या अंगाला खाज सुटली आणि हसणं थांबलं.

नेमके तेव्हा जलगुरू आले.

इमारतीच्या तळमजल्यावरचं सभागृह पहिल्याच दिवशी खच्चून भरलं. इस्त्रीचा पांढरा सदरा, मऊ आवाज, हातात चामडी पेटी. त्यांनी टेबलावर दोन ग्लास मांडले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या कॅनमधलं 'सिद्धजल'. दोन्हींत लोखंडी सळ्यांची जोडी सोडली आणि वायर भिंतीतल्या प्लगला लावली. बघता बघता नळाचं पाणी हिरवट झालं, मग तपकिरी, मग गटारातून उपसावा तसा गाळ वर तरंगायला लागला. सिद्धजल मात्र जसंच्या तसं.

"घाबरू नका," जलगुरू म्हणाले, आणि असे म्हणाले की न घाबरणाऱ्यालाही घाम फुटावा. "या जमिनीखाली जुनं दुःख साचलंय. ते नळातून वर चढतं आणि तान्ह्यांच्या रक्तात उतरतं. पाणी सगळं ऐकतं, सगळं लक्षात ठेवतं."

"म्हणजे आमच्या ह्यांच्यापेक्षा बरं," मागून कुणीतरी पुटपुटलं. हशा पिकला, पण नजर त्या गाळाकडे गेली तसा जागीच विरला.

तिनेही कॅन घेतला. खोटं कशाला बोला, सिद्धजलाने किटली स्वच्छ राहिली. समोरच्याच घरात तिची धाकटी जाऊ राहायची, सासूबाई आणि काही महिन्यांचं बाळ घेऊन. बाळाला सिद्धजलाने आंघोळ घालायला लागल्यापासून त्याचं पुरळ गेलं. आणि मग त्याचं रडणंही गेलं.

पूर्वी तो भूक लागली की अख्खा मजला डोक्यावर घ्यायचा. आता दुपारच्या दुपार त्या घरातून आवाज येईना.

"किती शहाणं झालंय," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "अंगही कसं भरलंय बघ."

गाल भरले होते खरे. पण पापण्याही फुगल्या होत्या. बाळसं पापण्यांवर चढतं का?

"आई, डॉक्टरांना दाखवू या का एकदा?"

"तुला काळजी करायला निमित्त लागत नाही, मोठे. पोर रडलं तरी तुझा जीव टांगणीला, नाही रडलं तरी टांगणीलाच."

ती घरी परतली. पण कान त्या दाराकडेच राहिले.

जलगुरूंच्या पुढच्या सभेला ती धाकटीच्या शेजारी, अगदी पुढे बसली. बाळ धाकटीच्या मांडीवर होतं. टेबलावर तेच दोन ग्लास, त्याच सळ्या. ती बघत राहिली. सिद्धजलातली जोडी नव्यासारखी गुळगुळीत होती. नळाच्या पाण्यात दर वेळी बुडणारी जोडी मात्र उंदराने कुरतडल्यासारखी बारीक झाली होती.

तिने बाळाकडे पाहिलं. डोळे अर्धवट उघडे, नजर कुठेच नाही.

"हा शेवटचं कधी प्यायला गं?"

"आत्ताच, ताई. वाटीभर सिद्धजल."

"मी दुधाचं विचारतेय."

धाकटीने पदर सारखा केला. "दूध बंद केलंय. गुरुजी म्हणाले, माझ्या दुधातही तेच दुःख उतरलंय. ते पूर्ण निघेपर्यंत फक्त सिद्धजल द्यायचं."

तिने बाळाचा हात उचलून सोडला. हात चिंधीसारखा खाली पडला. तळवा गार होता.

"ऊठ. दवाखान्यात चल."

"गुरुजी म्हणतील तेव्हा."

"मोठे, चारचौघांत तमाशा नको," सासूबाईंनी तिचा हात धरला.

तिने सभागृहाकडे नजर टाकली. पोर ओढून पळाली असती तर दारातच अडवलं असतं तिला. ती उठली, शेजारच्या छोट्या स्वयंपाकघरात गेली आणि मूठ आवळून परत आली.

"गुरुजी, हे पाणी तुमचंच ना? शुद्ध?"

"निष्कलंक."

तिने मूठ सिद्धजलाच्या ग्लासवर उघडली. "मीठ आहे. आता बटण दाबा."

"ताई, तुमच्या मनातली अस्वस्थता त्यात उतरली आता."

"मग तुम्ही तुमच्या शांत हाताने टाका. मीठ उरलंय अजून."

जलगुरूंनी वायर काढायला हात नेला, पण त्याआधीच तिने बटण दाबलं. सिद्धजल हिरवट झालं. तपकिरी झालं. गाळ वर आला.

"हा गंज आहे, या सळ्यांचा," ती म्हणाली. "पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंड झिजतं. यांच्या पाण्यात क्षारच नाहीत, म्हणून काही होत नाही आणि किटलीही पांढरी होत नाही. असं पाणी बॅटरीत घालतात. गाळ पाण्यात नव्हताच, तो हे पेटीतून घेऊन येतात. सळ्या हातात घेऊन बघा."

धाकटी उठली. सळ्यांपाशी गेली, त्या झिजलेल्या टोकावर तिने बोट फिरवलं. मग बाळ थोरल्या जावेच्या हातात दिलं. त्याच क्षणी बाळाची मूठ झटके द्यायला लागली.

"रक्तातलं मीठ कमी झालंय," दवाखान्यात डॉक्टरीणबाई बाळाला सुई लावता लावता म्हणाल्या. "तान्ह्याला दुधाऐवजी नुसतं पाणी पाजलं की मेंदूला सूज येते. पाणी कितीही शुद्ध असो. चेहऱ्यावर होती ती सूज, बाळसं नव्हे."

झटके थांबले. बाळ वाचलं. पण पुढे कितपत सावरेल, ते चालायला-बोलायला लागल्यावरच कळेल. धाकटी अजून त्याच्या प्रत्येक हालचालीकडे श्वास रोखून बघते. जलगुरू त्या गोंधळात पेटी घेऊन निसटले. पाण्याला घाबरलेल्या वसाहती पुष्कळ आहेत.

जड पाण्याला उपाय आहेत. नळावरची खपली लिंबाने निघते, अंगावरचा साबण भरपूर पाण्याने धुवावा, पुरळाला मलम असतं. यात चमत्कार नाही, म्हणून त्यावर टाळ्या पडत नाहीत. पण कुणी चमत्कार दाखवलाच, तर एवढंच म्हणा, "आता माझ्या हाताने करून बघू."

आणि भेटेल त्याला ती आणखी एक विनंती करते, तुम्हालाही. तुमच्या मजल्यावर तान्हं बाळ असेल, तर आज त्या घरी जा. आगाऊ म्हणतील, म्हणू द्या. बाळ आज दूध प्यायलं का, एवढं विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलू नका.