अपुरी पानं

बाइंडरने सातव्या वहीचा दोरा कापला, पानं सुटी केली आणि तारखेप्रमाणे लावायला घेतली. समोर स्टुलावर प्राध्यापकांची मुलगी बसली होती. वडील जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या अकरा वह्या कॉलेजच्या ग्रंथालयाला हव्या होत्या, पण समितीची एक अट होती. जी पानं वाक्याच्या मध्येच तुटली आहेत, ती वगळायची. समितीला तो विचारांचा विस्कळीतपणा वाटला होता.

"आहे काय एवढं यात?" बाइंडरने विचारलं. चाळीस वर्षांत त्याने हजारो पुस्तकं बांधली आणि एकही वाचलं नाही. वाचत बसलो तर खळ वाळते, असं तो सांगे.

"जगण्याला अर्थ कशाने येतो ते. कर्तव्याने येतो, का कामाने, का सत्य शोधण्याने. सगळ्यांच्या बाजू मांडल्यात." ती हसली. "दोनदा वाचलं सगळं. माझं नाव एकदाही नाही."

हसली खरी, पण ते तिच्या मनाला लागून राहिलं होतं. आई लवकर गेली, घरात दोघंच होती. इतक्या पानांत आपण कुठेतरी, निदान कंसात तरी असू, अशी तिला वेडी आशा होती.

बाइंडर अपुरी पानं वेगळी काढत होता. मध्येच थांबला, चष्मा कपाळावर सरकवला.

"ताई, तुमचे वडील रविवारी नीट लिहायचे."

"म्हणजे?"

"वर वार घातलाय ना, म्हणून दिसलं. रविवारचं एकही पान तुटलेलं नाही. उन्हाळ्याच्या सुटीतलीही सगळी पूर्ण. एरवी मात्र रोज वाक्य अर्धवट टाकून उठलेत. आणि या वहीच्या मध्यापासून पुढे सगळीच पूर्ण, अगदी अकराव्या वहीपर्यंत. चाळून पाहिली मी."

तिची शाळा पावणेपाचला सुटायची. बाबा फाटकाशी उभे असत. खिशातल्या पेनाला टोपण नसे, शर्टावर शाईचा हा एवढा डाग. त्या डागावरून ती त्यांना फार बोलायची. आठवीत गेल्यावर एका रविवारी तिने सांगून टाकलं, उद्यापासून न्यायला येऊ नका, मैत्रिणी हसतात. ते नुसतं 'बरं' म्हणाले होते.

"जिथून पूर्ण व्हायला लागली, ते पान द्या, काका."

त्याने दिलं. सोमवार होता. कर्तव्याविषयीचा परिच्छेद व्यवस्थित संपला होता. त्याखाली एक ओळ सोडून लिहिलं होतं, 'साडेचारला उठलो, चपला घातल्या. मग आठवलं.'

ही ओळ तिने दोनदा वाचली होती. तिच्यात आपलं नाव नाही म्हणून दोन्ही वेळा पान उलटलं होतं.

बाइंडरने खळीचं भांडं उगाचच ढवळलं. तिने डोळे पुसेपर्यंत तो ढवळत राहिला.

"मग ही अपुरी काढून टाकू?"

"नाही. ही वेगळी बांधा." हातातलं पान तिने त्या गठ्ठ्यावर ठेवलं. "बाकीची ग्रंथालयाला पुरतील."

"पाठीवर नाव काय घालू?"

तिने आपलं नाव सांगितलं. त्याने पेन्सिलीने ते पुठ्ठ्यावर लिहून घेतलं.